टाच न टेकणारे सर

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता सर वारले. ते ओसरीवर बसले होते. हातात कप होता. काकूंनी आतून हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही.

ते बसलेले असताना गेले, हे गावाला पटायला वेळ लागला. येणारा प्रत्येक माणूस आधी रडायचा आणि मग डोळे पुसून हळूच विचारायचा, "बसून होते?" नत्थूभाऊ धुरकरी, म्हणजे शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोडी हाकणारा माणूस, दारापर्यंत जाऊन परत आला. "बसून होते म्हणता जी? सर? मले नाही वाटत. तुमी नीट पायलं का?" मी नीट पाहिलं होतं. ते बसले होते.

आमच्या शाळेत सर अकरावी-बारावीला प्राणिशास्त्र शिकवत. मी त्याच शाळेत ग्रंथपाल. नऊ वर्षांपूर्वी नागपूरहून इथे नोकरीला आले आणि सरांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहू लागले. पहिल्याच सकाळी खिडकीतून पाहिलं, तर पन्नाशी उलटलेला एक उंच, काटकुळा माणूस अंगणातून चवड्यांवर चालत विहिरीकडे निघाला होता. वाटलं, घरात कोणी लहान मूल झोपलं असेल. घरात लहान मूल नव्हतं. मोठं मूलही नव्हतं. सर आणि काकू, दोघंच.

सर टाच टेकवत नसत.

"टाच अस्वल टेकवते," त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगितलं. "माणूस टेकवतो. दोघांची गत पाहा. कुत्रं बोटांवर चालतं, मांजर बोटांवर चालतं. हरीण, बैल, घोडा यांनी तर हद्द केली. ते नखावर उभे राहतात. खूर म्हणजे नखच, ग्रंथपालबाई! टाच पार वर गेली, गुडघ्यासारखी दिसते ती. पायाची लांबी फुकटात वाढली. पाय लांब तर ढांग लांब, ढांग लांब तर पळणं वेगात. आणि आपण? आपण सगळा तळवा जमिनीला चिकटवून उभे. जणू जमिनीने विकत घेतलंय."

गोंदियाच्या बाजारात एक मोची होता. सरांच्या चपलेचा पुढचा भाग दर तीन महिन्यांनी झिजायचा आणि टाच अगदी कोरी राहायची. त्याने एकदा चपला उलट्या-सुलट्या करून पाहिल्या आणि गंभीरपणे विचारलं, "साहब, आधी चप्पल आप पहनते हो, आधी कौन पहनता है?" सरांनी त्याच्या पाटीसमोर बसून त्याला अर्धा तास खूर समजावला. मोच्याने पैसे घेतले नाहीत. घाबरला असावा.

शाळेत त्यांच्या या चालीचा त्रासच होता. ते येताना ऐकू येत नसत. शिक्षकांच्या खोलीत कोणी कोणाची निंदा करत असेल तर निम्म्या वाक्यात मागून आवाज यायचा, "मांजराला नखं आत ओढता येतात. चित्त्याला नीट येत नाहीत. काऊन माहीत आहे?" निंदा करणारा दचकून उभा राहायचा. "कारण चित्त्याची नखं हे खिळे आहेत. पळताना जमिनीत रुतायला पाहिजेत." मग ते निघून जायचे. कोणाबद्दल बोलणं चाललं होतं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं.

त्यांना जगात एकाच गोष्टीचं कुतूहल होतं. पळणाऱ्या जनावराचं शरीर कसं घडलंय. वर्गात हा धडा दोन तासांचा होता. सर तो जूनमध्ये सुरू करत आणि परीक्षेच्या भीतीने जानेवारीत थांबवत. मांडीचं मांस वर का गोळा झालंय आणि खालचा पाय काडीसारखा का, हे दाखवायला त्यांनी एकदा काकूंचं मुसळ उचललं. ओला टॉवेल मुसळाच्या टोकाला गुंडाळला आणि पेंडुलमसारखं हलवून दाखवलं. मग तोच टॉवेल हाताजवळ गुंडाळला. "आता हलवून पाहा! वजन तेवढंच. पण वर घेतलं की पाय झटकन पुढे येतो. कोणतं हलकं वाटलं?"

काकू म्हणाल्या, "दोन्ही ओलेच."

मग मुसळ शाळेत गेलं आणि तीन दिवस वर्गातच राहिलं. चौथ्या दिवशी काकूंनी मिरच्या कशाने कुटू असं विचारलं, तेव्हा सरांनी खेळाच्या खोलीतून गोळाफेकीचा गोळा आणून दिला. काकूंनी तो धुतला आणि मिरच्या कुटल्या. तो गोळा पुढे चार वर्षं स्वयंपाकघरात होता. शाळेच्या मुली त्या काळात गोळाफेकीत कुठेही आल्या नाहीत.

लग्नाला गेले की सर नवरदेवाच्या खांद्याजवळचं आडवं हाड चाचपून पाहत. वराकडची मंडळी हा आशीर्वादाचा प्रकार समजून हात जोडत. "हे हाड आहे म्हणून तुमचे हात बाजूला पसरतात," ते नवरदेवाला सांगत. "हरणाला हे नाहीच. मांजराला नावापुरतं. त्यांचा खांदा मोकळा, मांसात तरंगतो. पाय टाकला की खांदासुद्धा पुढे जातो." नवरदेव मान डोलवायचा. नवरी हसायची. एका नवरीने पुढे प्राणिशास्त्रात पदवी घेतली, ती सरांमुळे की नवऱ्यामुळे, हे मला सांगता येणार नाही.

आणि चित्ता. तो तर सांगायलाच हवा.

चित्त्याचा कणा स्प्रिंगसारखा असतो. पळताना तो धनुष्यासारखा वाकतो, मग ताणला जातो, आणि एका ढांगेत चारही पाय दोनदा हवेत जातात. हे पुस्तकात तीन ओळींत आहे. सरांनी ते मैदानावर केलं. बावीस मुलं एकामागे एक, कमरेला धरून, हा कणा. पुढे दोन आणि मागे दोन उंच मुली, हे पाय. सगळ्यात पुढे वर्गातला सगळ्यात अबोल मुलगा, डोकं. सर शिट्टी वाजवायचे, कणा वाकायचा, पुढचे-मागचे पाय एकमेकांजवळ यायचे. दुसरी शिट्टी, कणा सुटायचा. कणा बहुतेक वेळा खरोखरच सुटायचा आणि मणके मैदानभर सांडायचे. नेमक्या अशाच एका वेळी तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. धुळीत पडून हसणारी मुलं पाहून ते म्हणाले, "हे काय आहे?"

"चित्ता आहे, साहेब," सर म्हणाले.

"शेपूट दिसत नाही," साहेब म्हणाले. उपहासाने म्हणाले असणार.

"तिला ताप आहे. आज शाळेत आली नाही. म्हणूनच तर वळणावर पडला." सरांनी हजेरीपट काढून दाखवला. शेपटीची गैरहजेरी त्यात मांडलेली होती.

साहेबांनी शेऱ्यात काय लिहावं याचा बराच विचार केला आणि शेवटी 'अध्यापन जिवंत आहे' एवढंच लिहिलं. सरांनी ते वाक्य काकूंना वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "तुमी दिसून रायले का जिवंत? दोन दिसांपासून जेवले नाही धड."

आमचं गाव बिरसीच्या विमानतळापासून फार लांब नाही. वैमानिकांच्या शाळेची छोटी विमानं दिवसभर धानाच्या बांध्यांवर, म्हणजे बांध घातलेल्या शेतांवर, घिरट्या घालतात. गावात कोणी मान वर करत नाही. सर मात्र प्रत्येक विमानाकडे कीव करून पाहत. "एवढी लांब धावपट्टी लागते बिचाऱ्याला. कणाच ताठ. काय करणार?"

तीन वर्षांपूर्वी त्यांना धाप लागायला लागली. काकूंनी त्यांना गोंदियाला नेलं. परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. आधी मला दिले, मग शेजारी, मग सबंध शाळेत वाटले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सरांचं हृदय नेहमीपेक्षा मोठं झालंय.

"मोठं!" सर म्हणाले. "पळणाऱ्या जनावराचं हृदय मोठंच असतं, ग्रंथपालबाई. फुप्फुसं मोठी, नाकपुड्या मोठ्या, हृदय मोठं. मी कधी पळण्याचा सराव केला नाही. फक्त शिकवलं! शिकवून झालंय हे!"

शाळेने टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनी दोन पेढे घेतले. संध्याकाळी काकू माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराला हात पुसत होत्या. हात कोरडेच होते.

"तुमच्या पुस्तकांत पाहा ना बाई. चांगलं असते का मोठं हृदय?"

मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं की पळणाऱ्याचं मोठं हृदय वेगळं आणि हे वेगळं. हे थकून मोठं झालंय.

काकूंनी पदर खोचला. "मले वाटलंच होतं. त्यायले सांगू नोका. पेढे वाटून झाले, आता कायले." मग जाता जाता म्हणाल्या, "गोळ्या मी भाजीतून देईन."

त्या वर्षापासून सरांच्या घरी रोज दोन भाज्या होऊ लागल्या. एक सरांची, एक आमची.

त्याच्या पुढच्या भाऊबीजेला काकू माहेरी निघाल्या, तेव्हा मला बरोबर घेऊन गेल्या. त्यांचे भाऊ तिरोड्याकडचे मोठे शेतकरी. गाव त्यांना पाटील म्हणतं, मीही तेच म्हणते. पटाच्या बैलांचं घर म्हणून तालुक्यात नाव. पटावर बंदी होती त्या वर्षांतही त्यांनी जोड्या विकल्या नव्हत्या. दूध, अंडी, उडदाचं पीठ खाऊ घालत नुसत्या उभ्या ठेवल्या होत्या. आता बंदी उठून पट पुन्हा रंगू लागले होते आणि पाटलांची छाती दोन बोटं रुंद झाली होती.

ओवाळणी झाली. सर दिसेनात. शोधत गेलो तर ते गोठ्याच्या मागे, शेणात गुडघे टेकून, एका बैलाच्या मागच्या पायाला मोजपट्टी लावत होते.

बैल कसला, हाडांना बांधलेली सुतळीच. त्याचं नावही तेच होतं, सुतळ्या. पोट आत गेलेलं, पाय लांबच लांब, खुराच्या वर काडी. पाटलांच्या बाकीच्या भरदार बैलांत तो वरातीत चुकून शिरलेल्या माणसासारखा उभा होता. पाटलांनी त्याला बाजाराला धाडायचं ठरवूनच वेगळा बांधला होता.

"काय मोजून रायले भाऊजी?" पाटील म्हणाले. "सोयरीक पायता का त्याले?"

"पाटील, हे पाहा!" सरांनी मोजपट्टी उंच धरली. "मांडीचं मांस सगळं वर. खाली नुसती दोरी. पोट ओझं करत नाही. नाकपुडी पाहा, माझी तीन बोटं जातात. छातीचा घेर पाहा. हा बैल नाही, हा..."

"चित्ता हाय," काकू मागून म्हणाल्या. "मंग शेपटीले ताप आला काय, ते पाहा."

पाटील पोट धरून हसले. मग सरांचं तोंड पाहून जरा नरमले. "भाऊजी, पटाचा बैल आमी पाच पिढ्यायपासून पारखतो. याले पाहून पावने हासतेत. पण तुमचं मन मोडत नाही. माघात आमच्या गावाचा पट हाय. तोवर घेऊन जा. पयला नंबर आला त बैल तुमचा. नाही आला त त्याच हप्त्यात बाजारात जाईल. अन् त्या बाजारातून असे बैल कोठं जातेत, तुमाले मालूम हाय."

सरांना माहीत होतं. त्यांनी सुतळ्याच्या मानेवर हात ठेवला. मी त्यांना पहिल्यांदाच दोन्ही टाचा टेकवून उभं राहिलेलं पाहिलं.

सुतळ्या टेम्पोतून आमच्याकडे आला. धान कापून झालं होतं, घरामागच्या दोन बांध्या मोकळ्या होत्या. बैलाला मारायचं नाही, तुतारीने, म्हणजे टोकाला खिळा लावलेल्या काठीने, टोचायचं नाही, हे सरांनी आधीच जाहीर केलं. आता पटाचे नियमही तेच सांगतात, पण सरांना नियमांची गरज नव्हती. "मागून टोचल्यावर पळतो तो भ्यालेला," ते म्हणायचे. "भ्यालेला कणा ताठ होतो."

हाकण्यासाठी पाटलांनी नत्थूभाऊला पाठवलं होतं. त्याने डोकं खाजवलं. "तुतारी नाही, चाबूक नाही. त याले मी काय इंग्लिशमंदी सांगू का पळ म्हणून?"

सरांनी उपाय शोधला. शेजारच्या बांधीत लाखोळी, धानामागून येणारं कडधान्य, हिरवीगार उगवली होती. तिची एक जुडी हातात घेऊन सर पुढे पळायचे आणि सुतळ्या मागून. बांधीच्या टोकाला जुडी त्याची. दुसऱ्याच दिवशी सुतळ्याला ते इतकं आवडलं की सरांनी जुडी उचलली की तो दावं ओढायचा. चवड्यांवर उड्या घेत, धोतर वर खोचून पळणारे सर आणि त्यांच्या मागे चारही पाय हवेत टाकत येणारा तो हाडकुळा बैल! बांधावर माणसं जमायची. वरून विमान गेलं तर सर जुडी हलवून त्यालाही आव्हान द्यायचे.

एका वेळी एकच बांधी पळायची आणि मग बसायचं, हा काकूंचा नियम होता. त्या विळा घेऊन बांधावर उभ्या राहत.

"बसा."

"अजून एक. धाप नाही लागली."

"बसा म्हणते ना!"

"बरोबर आहे," सर माझ्याकडे वळून म्हणायचे. "चित्तासुद्धा एका पळात थकतो. मग बसावंच लागतं त्याला. शिकार समोर पडली असली तरी आधी दम खातो."

"चित्त्याले अक्कल हाय म्हणून तो आपल्या मनानं बसते," काकू म्हणायच्या. "तुमाले बायको हाय म्हणून बसा."

पटाच्या दिवशी तिरोड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या धुक्यातून वर आलेल्या दिसत होत्या. शेतात सरळ लांब धावपट्टी आखली होती, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. लाउडस्पीकर, जिलबी, सोयरे-धायरे, आणि पलीकडे संध्याकाळच्या नाटकाचा मांडव. सुतळ्याला पाटलांच्या राजा नावाच्या बैलाबरोबर जुंपलं होतं. राजा सिंहासारखा. शेजारी आमचा सुतळ्या पाहून लोक आधी हसले, मग हळहळले.

सकाळी चाचणीला जोडी सोडली आणि चूक कळली.

नत्थूभाऊने हाळी दिली. सुतळ्या जागचा हलला नाही. त्याने मान वळवली, गर्दीत काहीतरी शोधलं, आणि एकदम राजासकट, छकड्यासकट, नत्थूभाऊसकट उलटा फिरून चहाच्या टपरीकडे निघाला. तिथे सर चहा पीत होते. सुतळ्या त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्यांच्या बशीत तोंड घातलं.

लोक हसून हसून बसले. सर मात्र पांढरे पडले.

"ग्रंथपालबाई," ते म्हणाले, "मी दोन-अडीच महिने त्याला पळायला शिकवतोय असं समजत होतो. मी त्याला माझ्याकडे यायला शिकवलं."

पाटील लांबून म्हणाले, "भाऊजी, बाजार सोमवारी हाय हो!"

तेव्हा सर उठले, खिशातून लाखोळीची जुडी काढली आणि चवड्यांवर धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला निघाले. शेवटच्या रेषेच्याही पलीकडे, मोकळ्या जागेत ते उभे राहणार होते. काकूंनी माझ्या हातात एक प्लास्टिकची खुर्ची दिली. "त्यायच्या मागं ठेवा. बसून हलवा म्हणाव जुडी." सर बसले. मी त्यांच्याशेजारी उभी राहिले. लाउडस्पीकरवर आमच्या जोडीचं नाव पुकारलं गेलं.

सरांनी हात वर केला. हिरवी जुडी हवेत हलली.

मी पुस्तकांची माणूस आहे. पटाचं मला काही कळत नाही. पण सुतळ्याला सर दिसले तो क्षण मला इतक्या लांबून कळला. त्याचं डोकं खाली गेलं, मागचे पाय पोटाखाली आले आणि सुटले. राजा ओढला गेला म्हणून पळाला. सर खुर्चीवर उड्या मारत होते. "खांदा पाहा! खांदा पाहा कसा सरकतो! चारही वर! चारही वर, बाई! पुन्हा!" माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की मी ते सोडवायचं विसरले आणि मीसुद्धा ओरडत होते. काय ओरडत होते, ते आठवत नाही. मी कधी ओरडत नाही.

रेषा पार झाली. झेंडी पडली. सुतळ्या थांबला नाही.

सरांनी त्याला पळायला शिकवलं होतं, थांबायला नाही. जोडी सरळ आमच्यावर आली. मी बाजूला झाले, खुर्ची मोडली, आणि सर जुडी घेऊन पळत सुटले. त्यांच्यामागे सुतळ्या, राजा, छकडा आणि "अवो सर! अवो सर!" म्हणत नत्थूभाऊ. लाउडस्पीकरवाल्याला काय बोलावं कळेना, तो आधीच्याच सुरात म्हणाला, "अन् सर आघाडीवर आहेत!"

ते नाटकाच्या मांडवात शिरले. पेटीवाला पेटी घेऊन खाली उडाला. अर्धा चेहरा रंगवलेला नायक खांबावर चढला. सर रंगमंचाभोवती एक फेरी मारून बाहेर आले, पुन्हा आत गेले. मागून काकू पळत येत होत्या. त्यांना पळताना मी तेव्हाच पाहिलं. त्यांच्या टाचा भक्कम टेकत होत्या आणि त्या जिवाच्या आकांताने ओरडत होत्या, "जुडी फेका! अवो, हातातली जुडी फेका ना!"

सरांनी हाताकडे पाहिलं. त्यांना खरंच आठवण नव्हती. त्यांनी जुडी टाकली.

सुतळ्या जागच्या जागी थांबला आणि खाऊ लागला.

रंगमंचावर राजदरबाराचं सिंहासन मांडलेलं होतं. सर त्यावर जाऊन बसले. ओठ निळे दिसत होते. काकू वर चढल्या, त्यांच्या छातीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मांडवात कोणी हललं नाही. बऱ्याच वेळाने सर म्हणाले, "काय पळाला गं!" तेव्हा काकूंनी हात काढला आणि त्याच हाताने डोळे पुसले.

निकाल झाला. आमची जोडी दुसरी आली. पहिल्या जोडीत आणि आमच्यात सेकंदाचा अगदी लहानसा तुकडा होता. पाटील मांडवाशी आले तेव्हा त्यांच्या हातात सुतळ्याचं दावं होतं. त्यांचंही तोंड आनंदी नव्हतं, पण शब्द चारचौघांत दिलेला होता आणि त्यांच्या घरात शब्द फिरवत नाहीत. सर सिंहासनावरून उठले. "बरोबर आहे पाटील. पहिला नाही आला," एवढंच म्हणाले. राजाचा कणा ताठ होता, त्याने ओढलं, असं काही त्यांनी म्हटलं नाही. ते टेम्पोत, घरी येईपर्यंत, दोन तास म्हटलं.

काकूंनी भावाच्या हातातलं दावं धरलं.

"भाऊबीजेचं लुगडं पेटीत तसंच हाय. घडी मोडली नाही. उद्या धाडते वापस. मले हा दे."

"बाई, भाऊबीजेत कोणी बैल देते का? गाव हासल."

"आता काय रडून रायलं का गाव?"

मांडवाबाहेर चारशे माणसं तोंडाला पदर-उपरणं लावून उभी होती. खांबावरचा नायक वरूनच म्हणाला, "देऊन टाका जी पाटील, आमाले खाली उतरू द्या." पाटलांनी खांबाकडे पाहिलं, मग दाव्याकडे. "शब्द भाऊजीले दिला होता," ते शेवटी म्हणाले. "तुले त नाही दिला." आणि दावं सोडलं. काकूंनी तिथेच, धुळीत, भावाच्या कपाळाला हळद-कुंकू नाही म्हणून नायकाच्या डबीतला रंग लावला. पाटील त्या लाल कपाळाने दिवसभर पटात फिरले.

सरांनी पुन्हा जोडी जुंपली नाही. पुढचं दीड वर्ष ते सकाळी एक बांधी पळत, सुतळ्या मागून. मग अर्धी बांधी. मग सर बांधावर बसून जुडी हलवत आणि सुतळ्या एकटाच त्यांच्यापर्यंत पळत येई. त्यात त्यांना काही कमी वाटत नसे. उलट आता चारही पाय नीट दिसतात, असं ते म्हणत.

मंगळवारला आता पाच महिने झाले. घरात काकू आहेत, मागच्या खोल्यांत मी आहे. गोठ्यात बैल आहे. मी त्याला संध्याकाळी पाण्यावर नेते. तो माझ्या पावलाने चालतो.